आधी पायवाटा, मग इमारती
वडोदऱ्यातील निवासी विद्यापीठाचा दीर्घकालीन आराखडा तुम्ही प्रथमच हाती घेत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: इमारतींआधी पायवाटा ठरवा. वसतिगृह, भोजनगृह आणि ग्रंथालय ४०० मीटरांच्या, म्हणजे साधारण ५ मिनिटांच्या चालीच्या आत असावीत. परंतु मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सावलीविना तेवढ्या अंतरासाठीही विद्यार्थी दुचाकीच काढतील, यासाठी कडुनिंब आणि करंज बांधकामाआधीच लावा, कारण इमारतीपेक्षा झाडाला वाढायला कितीतरी अधिक वर्षे लागतात. वाहनतळ कडेलाच ठेवा. विश्वामित्री नदीच्या पुराची वाट मोकळी सोडा. ऑगस्ट २०२४ चा पूर शहराने पाहिला आहे. प्रत्येक टप्प्यात वर्गांबरोबर वसतिगृहही बांधा, नाहीतर पहिल्या तुकड्या शहरातून ये-जा करतील आणि तीच रीत पुढे रुजेल.