ॲलर्जीचा झटका इंजेक्शनने पूर्ण उतरला, तरी डॉक्टर सहा तास का थांबवतात?

कारण ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, कधीकधी दुसऱ्यांदा उसळतो, तो शेंगदाणा किंवा कोळंबी पुन्हा पोटात न जाताही. असं शंभरात साधारण चार-पाच जणांना होतं. बहुतेकदा पहिल्या 12 तासांत, क्वचित 72 तासांपर्यंत. झटका जबर होता, ॲड्रेनलिनचे (हेच ते झटका उतरवणारं इंजेक्शन) दोन डोस लागले किंवा पहिलाच डोस उशिरा मिळाला, तर सहा तास किमान समजा.

दुसऱ्या वेळीही औषध तेच. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनलिन: किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त 0.5 (म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं अर्धा मिली). पाच मिनिटांत उतार नाही, तर परत. पेशंटला आडवं करून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसवावं, पण बाथरूमपर्यंतही चालवू नये, उभं राहताच रक्तदाब कोसळू शकतो.

एव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) टोचलं की झालं, हा समज आपल्याकडे फार पक्का. एव्हिलने खाज आणि गांधी जातात, आवळलेला श्वास सुटत नाही. स्टेरॉइडने दुसरा झटका टळतो, याला भक्कम पुरावा नाही.

घरी गेल्यावर आवाज बसला, घसा आवळला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. ऑटो-इंजेक्टर (ॲड्रेनलिन भरलेलं, स्वतःच टोचायचं पेन) दिलेला असेल तर लगेच मारा आणि 108 लावा.