दोन पगार, एकच खुंटी

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नऊ वर्षं एकाच कंपनीत आहे. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. दुपारचा डबा ऑफिसात घशाखाली उतरत नाही, म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसून खातो. बायकोला नोकरी आहे, तेव्हा मी सहा महिने घरी बसून पुढचं ठरवावं म्हणतो. माझा एच-वन-बी (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) चार वर्षांपूर्वी मंजूर झाला. मुलगी तिसरीत. वाकडच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. आईबाबा सांगलीला असतात. माझं काही चुकतंय का?

— एक वाचक

मंडळाच्या गणपतीत ‘कंटाळा आलाय हो नोकरीचा’ म्हणणारे डझनभर भेटतात. मोदक खातात आणि सोमवारी मुकाट कामावर जातात. गाडीत एकट्याने डबा खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तेव्हा सोडावी की नाही यावर मी घोळ घालत नाही. सोडा. फक्त तो सहा महिन्यांचा बेत आधी मोडीत काढा.

बायकोचा व्हिसा कोणता, ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. ती एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असेल, तर तिला काम करायची परवानगी तुमच्या आय-१४० मुळे मिळालीय. ही सोय २०१५ पासूनची. पण तिचा एच-फोर तुमच्या एच-वन-बीवर उभा आहे. तुम्ही राजीनामा दिलात की शेवटच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; आय-९४ (अमेरिकेत राहायच्या परवानगीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तुमचं गेलं की तिचंही जातं. घरात दोन पगार येताना दिसतात, पण दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले. ‘बायकोची नोकरी आहेच’ हा हिशेब भारतात चालला असता, इथे नाही.

ती स्वतःच्या एच-वन-बीवर असेल, तर मात्र चित्र पालटतं. मग तुम्ही त्या ६० दिवसांच्या आत एच-फोरसाठी अर्ज करून खुशाल घरी बसा. वकिलाला आधी विचारा, एवढंच.

आता तुमच्या मनातली दुसरी भीती. पत्रात नाही, पण असणारच, कारण नऊ वर्षं उगाच कुणी काढत नाही. कंपनी सोडली की ग्रीन कार्डाच्या रांगेतला नंबर जाणार, हीच ना? आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले, की जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, सहसा तुमचीच राहते. नवी कंपनी लेबर सर्टिफिकेशन (आय-१४० च्या आधीची कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा करेल. ते कटकटीचं आहे, वेळखाऊ आहे, पण रांगेच्या शेपटाला जावं लागत नाही. या एका गैरसमजापायी माणसं नको त्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा क्रम असा: आधी ऑफर, मग नव्या कंपनीचा एच-वन-बीसाठी अर्ज, मग राजीनामा. अर्ज दाखल झाल्यावर नवीकडे रुजू होता येतं, पण मी तुमच्या जागी असते तर मंजुरीची वाट पाहिली असती. जादा शुल्क भरलं की १५ कामकाजी दिवसांत सरकारचं उत्तर येतं. मग दोन नोकऱ्यांच्या मध्ये दोन-तीन आठवडे मोकळे मागून घ्या. सहा महिने नाहीत, पण सांगलीला जाऊन झोपा काढायला पुरतात.

त्या मधल्या दिवसांत विमा कुणाचा, हे विचारून ठेवा. कुठे तो शेवटच्या दिवशी बंद होतो, कुठे महिनाअखेरीस. वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीत कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही तोच विमा चालू ठेवायची सोय, मिळतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के तुमच्या खिशातून. मात्र तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, आणि घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे मुलीचा हात मोडला तरच घ्यायचा, असंही करता येतं. मागचे हप्ते तेव्हा भरावे लागतात, इतकंच.

पैशाचं थोडक्यात. स्वतःहून सोडलीत तर बेकारी भत्ता धरून चालू नका. फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्याला हात लावायचा नाही: साडेएकोणसाठच्या आधी काढलात तर आयकर भराच, वर साधारणपणे १० टक्के दंड. त्यात कंपनीने घातलेली रक्कम पूर्ण तुमची कधी होते, ती तारीख मात्र बघा. महिन्याभरावर असेल तर दात-ओठ खात तेवढा महिना काढा. सहा महिन्यांचा खर्च गाठीला हवा, आणि त्यात वाकडचा हप्ता, आईबाबांना पाठवता ते पैसे, सगळं धरा. हे पैसे अमेरिकेतल्या साध्या बचत खात्यात ठेवा. एनआरई ठेव (परदेशातल्या कमाईची भारतीय बँकेतली मुदत ठेव) वर्षाच्या आत मोडली तर व्याजाचा एक रुपया मिळत नाही.

या शनिवारी एकच काम करा. आय-१४० च्या मंजुरीची प्रत तुमच्याकडे आहे का, बघा. तो कागद कंपनीच्या नावे येतो आणि पुष्कळांच्या हाती कधी पडतच नाही. निदान पावती क्रमांक तरी मिळवा, आणि तो राजीनाम्याची कुणकुण लागायच्या आत.

आणि हो, सांगलीला फोनवर ‘नोकरी सोडतोय’ म्हणू नका. ‘बदलतोय’ म्हणा, तेही नवं पत्र हाती आल्यावर.