रंकाळ्याच्या काठाला लागलेली ही पाणवनस्पती हायड्रिला की पोटॅमोजेटॉन? कसं ओळखायचं?

एक काडी पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात सोडा. हातात धरली की सगळं लोळागोळा होतं आणि आपण त्याला 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. (शेवाळ नव्हे हं, ह्याला फुलं येतात!)

एका पेरावर तीन ते आठ पानं गोल फेर धरून असतील तर हायड्रिला. पानाची कड बोटाला खरखरीत लागते. पेरावर एकेकच पान, आलटून पालटून, तर पोटॅमोजेटॉन. त्यातही कड कुरडईसारखी लाटदार असेल तर त्याची क्रिस्पस ही जात. लांब देठाची, लंबगोल पानं पाण्यावर तरंगत असतील तर बहुधा नोडोसस.

खरी गोची दोऱ्यासारख्या पानांची. तिथं पान बुडाशी धरून हळूच ओढा. खोडाभोवतीचं आवरण पानासोबत सोलून आलं तर पेक्टिनॅटस, ज्याला आता स्टुकेनिया म्हणतात. आवरण पानापासून सुटं असेल तर पुसिलसकडचं काहीतरी; तिथं भिंग लागतंच.

आणि पानं फेरातच, पण प्रत्येक पान काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं फाटलेलं, मुळांचा पत्ता नाही? मग दोन्हीही नाही, ते सेराटोफायलम.