रोज २५-३० किमी सायकल चालवतो. ग्रुपबरोबर पुणे ते महाबळेश्वर झेपेल का?

अंतर झेपेल. रोज एवढी चालवणारा माणूस १२० किलोमीटर काढतोच. तुमच्या प्रश्नातला ‘ग्रुपबरोबर’ हा शब्द मात्र मला टोचला, म्हणून लिहायला बसलोय.

मी पहिल्यांदा गेलो २०१९ च्या फेब्रुवारीत. आम्ही १४ जण पहाटे ५ ला स्वारगेटहून निघालो. कात्रज अंधारात चढलो, शिरवळला पोहे-चहा झाला, तोवर सगळे सोबत. खंबाटकी घाटात मालट्रक रांगत होते, त्यांचा धूर खात डाव्या कडेने चढलो. तिथे पुढचे सहा-सात जण सुटले. सुरूर फाट्याला थांबायचं ठरलं होतं. तिथे कोणी नव्हतं. वाईतही नाही.

पसरणी घाट लागतो तेव्हा ८५ च्या वर किलोमीटर पायांत असतात. पुढे पाचगणीपर्यंत साधारण १२ किलोमीटर सलग चढ, उंची जवळपास ६०० मीटर. सिंहगड याहून कितीतरी तिखट आहे, पण पसरणी संपत नाही. वळण घेतलं की वर आणखी एक कठडा दिसतो, आणि खाली धोम धरणाचं पाणी होतं तिथेच. अकरा वाजून गेले होते, दोन्ही बाटल्या रिकाम्या. उजव्या मांडीत गोळा आला तसा मी कठड्यापाशी उतरलो. पाय सरळही होईना.

मागून आमच्यातलेच एक काका आले. साठी उलटलेले, एसटीत ड्रायव्हर होते, याच घाटातून वर्षानुवर्षं गाडी नेलेली. साधी एमटीबी (माउंटन बाईक), पुढे पेडलपाशी तीन दातेरी चकत्या. थांबले, मांडी चोळून दिली, त्यांच्याकडचं मीठ-साखर-लिंबाचं पाणी पाजलं. मग माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाले, “आपली एसटी इथं दुसऱ्यावर येते. तू तिसऱ्यावर कशाला ओढतोयस?”

खरंच होतं ते. माझी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, ११-२८ ची: सगळ्यात लहान चकतीला ११ दात, मोठीला २८. दुकानात सांगितलं होतं, रोडबाईकला हीच शोभते. पुढे ३४ दात, मागे २८ असताना ताशी ८ च्या वेगाला पाय मिनिटाला ५० च्या आसपासच फिरतात. म्हणजे प्रत्येक पेडल गुडघ्यातून दाबायचं. मागे ३४ लावलं की त्याच वेगाला ६० च्या वर फिरतात. शोभेचा आणि घाटाचा काही संबंध नाही.

काका पाचगणीपर्यंत माझ्याशेजारी सायकल चालवत राहिले. मला सारखं बोलतं ठेवलं. वाक्य पुरं करताना धाप लागली की म्हणायचे, हळू घे. कुठलं वळण कसं आहे हे त्यांना पाठ होतं. पोचलो तेव्हा एक वाजला होता, बाकीच्यांची जेवणं झालेली. लीडर सगळ्यांदेखत काकांना म्हणाला, “तुमच्यासारख्यांमुळे ग्रुपचा ॲव्हरेज पडतो.” काका नुसते हसले. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मी तेव्हा बोललो नाही. आजही ते सलतं. त्यानंतर ना काका त्या ग्रुपमध्ये गेले, ना मी.

मला तेव्हा ऐकवलं गेलं की सायकलिंगमध्ये ज्याचा तो असतो. ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राईडमध्ये, असतो, मान्य. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि मदतीला कोणी येणार नाही, हे माहीत असूनच माणूस नाव देतो. पण टूर द फ्रान्समध्येसुद्धा डोंगराच्या दिवशी स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर सुसाट पण चढाला जड असणारे, मागे घोळका करून चढतात, ठरलेल्या वेळेत पोचता यावं म्हणून. त्याला ग्रुपेटो म्हणतात. ज्यांचं पोट सायकलवर चालतं ते एकमेकांना धरून चढतात, आणि आपण रविवारी चालवणारे मागच्याला उन्हात टाकून जातो. याला ग्रुप राईड म्हणू नये.

तयारीचं म्हणाल तर रविवारी बोपदेव घाट किंवा सिंहगड करा, सपाटीवर किलोमीटर वाढवून घाट येत नाही. महिनाभर आधी एकदा ८०-९० काढा. मीठ-साखरेचं पाणी पहिल्या तासापासून प्या, गोळा आल्यावर नव्हे. कॅसेट बदलणार असाल तर मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात घेतो का, हे आधी विचारून घ्या. सायकल कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. एमटीबी असेल तर गिअरची काळजी नको, वेळ मात्र जास्त धरा. आणि बीपी असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

नाव देण्याआधी लीडरला विचारा, सगळ्यात मागे कोण असणार? “बघू” म्हणाला तर जाऊ नका. आमच्या राईडला मागे मी असतो. सुरूर फाट्याला सगळे आल्याशिवाय वाईकडे कोणी वळत नाही.