हिरकणी आली तरी लोक एशियाडच का म्हणतात?

आपला प्रश्न असा आहे की पीएमटी ही संस्था 2007 साली संपली तरी पुणेकर बसला पीएमटीच म्हणतात, आणि एसटीची हिरकणी येऊन इतका काळ लोटला तरी घरातली मोठी माणसे तिला एशियाड म्हणतात. मग बसची नवी नावे रुजतच नाहीत का? माझ्या मते नावाबरोबर प्रवाशाच्या पदरात काही नवे पडले, तर ते नाव रुजते. नुसता रंग आणि पाटी बदलली, तर जुनेच नाव तोंडी राहते.

एशियाडचेच उदाहरण घ्या. 1982 साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी वापरलेल्या गाड्या नंतर एसटीकडे आल्या आणि दादर–पुणे मार्गावर धावू लागल्या, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. महामंडळाच्या लेखी ही 'निमआराम' सेवा होती. पण अर्धा आराम म्हणजे नेमका किती, हे सांगणारा शब्द कोण कशाला वापरील? साध्या गाडीत एका बाजूला दोघांचे आणि दुसऱ्या बाजूला तिघांचे बाक असे, तर इथे दोन्हीकडे दोघांचीच सोय, मागे रेलता येणारी पाठ आणि मोजके थांबे होते. भाडेही अर्थात जास्त होते, त्यामुळे चढण्यापूर्वी गाडी कोणती हे विचारणे भाग होते आणि त्यासाठी एक सुटसुटीत शब्द हवाच होता.

पुढे याच सेवेला हिरकणीचे नाव मिळाले. तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे हे नाव मला स्वतःला फार आवडते. तरीही स्वारगेटला एका आजींनी पांढऱ्या-हिरव्या गाडीच्या दाराशी उभे राहून "ही एशियाडच ना?" असे विचारल्याचे मला आठवते. वाहकाने मान वर न करता "एशियाडच आहे, बसा" असे उत्तर दिले. त्याच्या डोक्याच्या वर हिरकणी असे ठळक अक्षरांत रंगवलेले होते. आजींचे काही चुकले नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने सेवा तीच होती.

शिवनेरीचे तसे झाले नाही. वातानुकूलित व्होल्वो ही एसटीच्या प्रवाशाला सर्वस्वी नवी गोष्ट होती, म्हणून तिचे नाव पहिल्यापासून चालले. गंमत अशी की ही शिवनेरी पकडायला मुंबईकर आजही 'दादर एशियाड'ला जातात. गाडीचे नाव बदलले, थांब्याचे राहिले.

मुंबईच्या बेस्टची गोष्ट तर आणखी निराळी आहे. 1905 च्या कंपनीच्या नावातला 'टी' हा ट्रामवेजचा होता. 1947 साली कंपनी महापालिकेकडे आल्यावर तो ट्रान्सपोर्टचा झाला, आणि पुढे 'बी'सुद्धा बॉम्बेचा बृहन्मुंबईचा झाला. दोन अक्षरांचे अर्थ पालटले, पण प्रवाशाला त्याची दखल घ्यावी लागली नाही. बारसे करावे तर असे!

पुण्यात मात्र पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून जी संस्था झाली, तिचे 'पीएमपीएमएल' हे लघुरूप पाच अक्षरांचे आहे. वृत्तपत्रांनी शेवटची दोन गाळून 'पीएमपी' केले, आणि बोलणाऱ्यांनी जुनी तीन अक्षरे सोडली नाहीत. बसचे क्रमांक आणि थांबे बहुतेकांच्या ओळखीचेच राहिल्यामुळे नवे नाव शिकण्याची निकड कुणाला भासली नसावी. 2021 साली याच संस्थेने मध्यवर्ती भागात दहा रुपयांत दिवसभर फिरता येईल अशा लहान गाड्या 'पुण्यदशम' या नावाने सुरू केल्या. नाव कल्पक होते, योजना खरोखर नवी होती आणि लोकांनी ती लगेच ओळखली. फक्त आमच्या सोसायटीत तिला सगळे 'दहा रुपयांची पीएमटी' म्हणत.