अंथरुणातली विश्रांती किती पुरेशी?

प्रश्न: माझ्या आईचे वय ७४ आहे. घरात पडल्यामुळे तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेला आता तीन आठवडे झाले आहेत. डॉक्टरांनी वॉकर घेऊन चालण्यास सांगितले आहे. परंतु पुन्हा पडण्याच्या धास्तीने ती उठायलाच तयार होत नाही. मीही आग्रह धरत नाही आणि जेवणापासून केस विंचरण्यापर्यंत सारे तिला जागेवरच करून देते. अंगात ताकद आली की मग चालवू, असे भावाचे म्हणणे आहे. आमचे काही चुकते आहे का?

उत्तर: आपल्या सेवेत कसूर नाही, क्रम मात्र उलटा झाला आहे. ज्या ताकदीची आपण वाट पाहत आहात, ती पडून राहिल्याने दिवसेंदिवस घटत जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील मांस सुमारे एक किलोने कमी झालेले आढळले. आपल्या आई तर शस्त्रक्रियेतून उठल्या आहेत. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्येच रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने कातडीला होणाऱ्या जखमा), बद्धकोष्ठता, ठिसूळ होणारी हाडे आणि खचणारे मन ही अंथरुणाला खिळण्याची फळे म्हणून मांडली होती. तरीही आजारी माणसाला हलू न देणे म्हणजेच माया, ही समजूत घरोघरी टिकून आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरांकडून नेमके विचारून घ्यावे. दुखण्यामुळे त्या टाळत असतील, तर वेदनाशामक गोळी चालण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हेही विचारावे. पुष्कळदा निम्मी अडचण एवढ्यानेच दूर होते. उठवताना त्यांना प्रथम पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून काही मिनिटे बसू द्यावे, कारण एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. आधी वॉकर पुढे, मग शस्त्रक्रियेचा पाय, शेवटी चांगला पाय, हा क्रम ठेवावा आणि आपण त्या दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. दंडाला धरून ओढू नये. पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंतची चार पावले झाली तरी चालेल. भीती समजावून जात नाही. न पडता टाकलेल्या पावलांनी ती ओसरते. जेवण हातांच्या उंच खुर्चीत बसून व्हावे आणि फणी त्यांच्याच हाती द्यावी, वेळ लागला तरी. चालवण्याची एक वेळ भावाने स्वतःकडे घ्यावी. सल्ला देणाऱ्याला तेवढे जड जाऊ नये.

चालल्यानंतर थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच पोटरीला सूज व वेदना, दम लागणे, छातीत दुखणे, जखमेतून पू येणे, अचानक पाय टेकवता न येणे किंवा एकाएकी बोलण्यात असंबद्धता येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी, आणि दम किंवा छातीचे दुखणे असल्यास तत्काळ, रुग्णालय गाठावे.

प्रश्न: अर्धांगवायूमुळे वडिलांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उठला आहे. तेथे तेलाने मालिश करावी का?

उत्तर: मुळीच करू नये. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच खुंटलेला असतो. चोळल्याने आतील ऊती आणखी दुखावतात. चट्ट्यावर बोट दाबून सोडावे. तो पांढरा न पडता लालच राहिला, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी समजावी आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, तेव्हा तेथील ऊब, कडकपणा किंवा दुखरेपणाही पाहावा. त्या जागेवर मुळीच भार येऊ न देता साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून थोडे कलते ठेवावे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. मध्ये भोक असलेली गोल उशी टाळावी, कारण तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तप्रवाह अडवतो. सरकवताना त्यांना फरफटू न देता दोघांनी चादरीसह उचलावे. ओली झालेली चादर मात्र रात्री-अपरात्रीही लगेच बदलावी.