बस किती वेळाने येते, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी मोठ्या शहरात आलात, रोज टॅक्सी परवडत नाही, बसचे नंबर बघून गोंधळ उडतो, एकदा उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून भलतीकडे पोचलात. त्यात पुढच्या महिन्यात आईवडील येणार आहेत आणि त्यांनाही बसनेच फिरवायचं आहे. मी बरीच वर्षं बसनेच फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्या शहराचं जाळं डोक्यात बसवायच्या मागे लागू नका. मोठ्या शहरात शेकडो मार्ग असतात, तुम्हाला त्यातले चार-पाच लागणार. त्यातला एक निवडा आणि तो आधी पक्का करा. निवडताना बहुतेक जण घराजवळचा स्टॉप बघतात, नाहीतर थेट ऑफिसच्या दारात सोडणारी बस. माझं मत वेगळं आहे. बस किती मिनिटांनी येते, ते सगळ्यात आधी बघा. घराखालून सुटणारी पण पाऊण तासाने एक अशी बस चुकली की सकाळ वाया जाते. तेच दहा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावर गेलात आणि तिथे दर सात-आठ मिनिटांनी गाडी असेल, तर वेळापत्रकाकडे बघायचीही गरज उरत नाही. मध्ये एकदा बस बदलावी लागली तरी हरकत नाही, फक्त दुसरी बससुद्धा वारंवार येणारी हवी. मोठ्या रस्त्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिथून तुमच्या दिशेने तीन-चार नंबर जात असतात, त्यातला कुठलाही चालतो. बससाठी वेगळी मार्गिका असलेला रस्ता मिळाला तर डोळे मिटून तोच घ्या. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये अशा स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या आणि पुढे अनेक शहरांनी ती पद्धत उचलली, कारण बाकी वाहतूक तुंबली तरी बस अडकत नाही.

दिशेचा घोळ टाळायचा तर नंबराइतकंच शेवटच्या स्टॉपचं नावही लक्षात ठेवा. जाताना आणि येताना नंबर तोच असतो, समोरच्या पाटीवरचं नाव बदलतं. म्हणून आपल्या मार्गाची दोन्ही टोकं पाठ हवीत. परतीचा स्टॉप बहुतेक वेळा रस्त्याच्या पलीकडे असतो, पण एकेरी वाहतूक असेल तर तो शेजारच्या रस्त्यावरही असू शकतो. तो सकाळीच बघून ठेवा, रात्री शोधत बसू नका. नंबराला जोडून एखादं अक्षर असेल तर तो वेगळा मार्ग समजा: मध्येच वळणारा, अर्ध्यातच संपणारा किंवा मोजकेच थांबे घेणारा. काही शहरांत रंगावरूनही कळतं. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात २००४ साली सगळी बसव्यवस्था नव्याने आखली, तेव्हा लांबच्या मुख्य मार्गांना निळा, मेट्रोपर्यंत नेणाऱ्या गाड्यांना हिरवा आणि उपनगरांत जाणाऱ्यांना लाल रंग दिला. तुमच्या शहरात अशी काही खूण आहे का, ते स्टॉपवरच्या चार लोकांना विचारा. रोजच्या प्रवाशांना हे नीट माहीत असतं आणि ते आनंदाने सांगतात.

पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी, गर्दी नसताना करा. खिडकीशी बसा आणि आपल्या स्टॉपच्या आधीचे दोन स्टॉप कुठले, तिथे ओळखायला काय आहे, तेवढं टिपून ठेवा. पूल, पाण्याची टाकी, मोठा चौक, काहीही चालेल. गर्दीत उतरायची तयारी त्या खुणेपासून सुरू करायची असते.

आता वाट बघण्याबद्दल. 'अर्धा तास एकही नाही आणि मग तीन एकदम' ही तक्रार जगभर सगळीकडे ऐकू येते. ड्रायव्हर मुद्दाम असं करतात हा समज मात्र खरा नाही. एखादी बस सिग्नलवर दोन मिनिटं रखडली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. ती चढायला वेळ लागतो, म्हणून बस आणखी मागे पडते. मागून येणाऱ्या बसला मात्र कमी माणसं मिळतात, म्हणून ती भराभर पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली हे गणिताने मांडून दाखवलं. तुमच्यावर परिणाम काय होतो ते बघा. समजा, 'दर दहा मिनिटांनी' असं लिहिलेलं आहे. गाड्या ठरल्याप्रमाणे आल्या तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. त्याच गाड्या एकदा दोन आणि एकदा अठरा मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर तासाला बस तेवढ्याच राहतात, पण तुम्ही स्टॉपवर पोचता ते बहुधा त्या अठरा मिनिटांतच. मग सरासरी वाट बघणं आठ मिनिटांच्या पुढे जातं. म्हणून बराच वेळ बस आली नसेल आणि आलेली खच्चून भरलेली असेल, तर तिच्या मागे नजर टाका. त्याच नंबरची दुसरी मागे दिसत असेल तर पहिली बिनधास्त सोडा. दुसरीत उभं राहायला तरी नीट जागा मिळते आणि पोचायच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

अॅपवरची वेळ दोन प्रकारची असते, छापील वेळापत्रकातली आणि रस्त्यावरच्या गाडीची ताजी. वेळापत्रकं एकाच साच्यात देण्याची पद्धत २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने गूगलबरोबर सुरू केली, आणि आज बहुतेक अॅप त्याच साच्यावर चालतात. ताजी माहिती त्यात नंतर आली आणि ती सगळीकडे मिळतेच असं नाही. ताज्या वेळेला सहसा वेगळा रंग किंवा लहरींचं छोटं चिन्ह असतं. ते नसेल तर त्या वेळेवर फार विसंबू नका.

भाड्याचे नियम शहरागणिक वेगळे असतात, ते पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, आणि कार्ड फक्त चढताना लावायचं असतं. सिंगापूरमध्ये भाडं अंतरावर असल्यामुळे उतरतानाही लावावं लागतं, विसरलात तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापलं जातं. तुमच्याकडे कंडक्टर असेल तर सुटे पैसे चढण्याआधीच हातात काढून ठेवा.

बस येताना दिसली की हात दाखवा. चढताना पाठीवरची सॅक पुढे घ्या. आत गेल्यावर दारात रेंगाळू नका. दाराशी कोंडी आणि मध्यभागी मोकळी जागा, हे चित्र रोजचं आहे, आणि त्याच कोंडीमुळे स्टॉपवरचे लोक मागे राहतात. जागा धरण्याआधी दांडा धरा, कारण माणसं जास्त पडतात ती बस सुटताना आणि ब्रेक लागताना. उभं राहताना पाय जोडून राहू नका, एक पाय थोडा पुढे, एक मागे, असे बसच्या दिशेत ठेवा. धक्का बहुतेक वेळा पुढे-मागे बसतो, तो मग पायांवर पेलता येतो. मोबाइल खिशात ठेवा, एक हात कायम दांड्यावर हवा.

उतरायचं असेल तर एक स्टॉप आधीच दाराकडे सरकायला लागा आणि पुढच्याला 'उतरताय का?' असं विचारा. उतरणार नसेल तर तो आपणहून वाट देतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकू नका, आणि टाकण्याआधी मागून कोणी येतंय का ते बघा, फुटपाथ आणि बस यांच्या फटीतून दुचाकी घुसतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बसच्या आडून तुम्ही बाकी वाहनांना दिसत नाही, आणि अगदी टेकून गेलात तर ड्रायव्हरलाही दिसत नाही. बस निघून जाऊ द्या, मग ओलांडा.

आईवडिलांना दुपारच्या वेळी न्या, आणि शक्य असेल तिथे खालच्या तळाची बस बघा. तिला पायऱ्या नसतात, काही गाड्या तर स्टॉपवर एका बाजूला खाली झुकतात, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी चढता येतं. चढताना ते पुढे, तुम्ही मागे. उतरताना तुम्ही आधी उतरा आणि हात द्या. ज्येष्ठांसाठी राखीव जागेवर कोणी बसलं असेल तर संकोच न करता मागा. 'यांना बसू द्याल का?' एवढं म्हटलं की लोक उठतात. ते बसेपर्यंत गाडी हलवू नका, असं कंडक्टरला किंवा ड्रायव्हरला मोठ्याने सांगायला लाजू नका. वय झालेल्या माणसाला बसमधलं पडणं फार महागात जातं. ज्येष्ठांना सवलत असेल तर ओळखपत्र त्यांच्या खिशात असू द्या, तुमच्या बॅगेत नको.

शेवटच्या गाडीची वेळ दोन्ही बाजूंची बघून ठेवा, रविवारची वेगळी असते. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा. तपासनीस आला तर लागतंच, आणि गाडीत काही विसरलात तर बहुतेक तिकिटांवर मार्ग आणि वेळ छापलेली असते, त्यावरून डेपोत नेमकी गाडी शोधता येते. फोन त्याच दिवशी करा.